माझ्या अकॉर्डियनवर पाच ललकाऱ्या

शनिवार, १ फेब्रुवारी १९८६

लागलो! स्कॉटलंडच्या रेडिओवर लागलो!

संध्याकाळी सात. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी रशियनमध्ये रागावून गेला. न्दिरांगू या वयात सिल्व्हर ओकवर चढून तार हलवत होता — आणि एकदम अकॉर्डियन. पहिल्या दोन सुरांत मलाच ओळखू येईना. न्दिरांगू वरून ओरडला, "कामांदे, हा कोण आपली नक्कल करतोय रे?"

ही सगळी न्यावीराची करणी. न्यावीरा म्हणजे पाण्याच्या नळाच्या कामावर आलेली स्कॉटिश पोरगी. तिचं खरं नाव घेताना जीभ दुमडते, म्हणून आम्ही हे ठेवलं. गेल्या ऑगस्टमध्ये तिने चहाच्या शेडबाहेर आमची एक कॅसेट भरली आणि तिकडच्या डुगल रेनी नावाच्या निवेदकाला पाठवून दिली. गावाच्या नावाचा 'कान्येकी अकॉर्डियन ग्रुप' म्हणजे आम्ही दोघंच. मी अकॉर्डियन वाजवतो, गातो. न्दिरांगू लोखंडी कडं वाजवतो आणि चुका करतो.

सगळं छान. फक्त मधला भाग! तिथे कडं थांबतं आणि मी एकटा वाजवतो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला तुकडा. पण त्याच क्षणी शेडच्या शेजारच्या घरात न्योकाबीची सून बाळंत झाली होती. मुलगा. मुलगा झाला की बायका पाच ललकाऱ्या देतात, मुलगी झाली की तीन. त्या दिवशी मुलगी झाली असती तर निदान दोन वाचल्या असत्या. पाचच्या पाच माझ्या तुकड्यावर! पुन्हा भरू या म्हटलं तर न्यावीराची बॅटरी संपलेली.

रेनी नंतर काय म्हणाला ते न्यावीराने सांगितलं. "या बायकांनी माझ्या अंगावर काटा आणला."

"आणि अकॉर्डियनबद्दल?"

"मागे कुणीतरी काहीतरी छान वाजवतंय, असं म्हणाला."

कुणीतरी. काहीतरी.

रविवार, २ फेब्रुवारी

झोप नीट नाही. न्जोकी म्हणते, "जगभर वाजलात ना? मग तोंड का वाकडं?" बायकोला काय सांगायचं.

इथे सांगतो. मला माझं नाव ऐकायचं होतं. त्रेसष्टावं लागलंय. थोरल्या मुलाला मी माझ्या बापाचं नाव दिलं, गिचोही. आता गिचोहीला मुलगा झाला की त्याला माझं नाव जाणार, मग मी मेलो तरी इथल्या अंगणात कामांदे म्हणून हाक मारली जाईल. सुनेचे, मुकामीचे, दिवस भरत आलेत. पण मुलगी झाली तर नाव न्जोकीचं जाईल. आणि मागच्या वर्षीचं मूल तर राहिलंच नाही. पोटातल्यावर किती भरवसा ठेवायचा? म्हणून वाटलं, एकदा रेडिओवरून येऊन जावं. तिथे तरी आधी मुलगा व्हावा लागत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रेनी दर शनिवारी तेच गाणं लावणार आहे. लोकांनी पत्रं लिहिलीत म्हणे. गावात मात्र निम्म्यांनी ऐकलंच नाही. पलीकडच्या डोंगरधारेवरचे तर म्हणतात, कामांदे नेहमीप्रमाणे फेकतोय.

बघतोच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चर्चमधून भोंगा उसना आणला. प्रार्थनेला लावतात तो. कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हटलं परदेशी कार्यक्रम आहे, बोधपर आहे. सिल्व्हर ओकला बांधला, तोंड नदीपलीकडे. गाणं लागलं तेव्हा झाडावरची पाखरंसुद्धा उडाली. अकॉर्डियन अख्ख्या दरीत घुमलं. पाच ललकाऱ्याही घुमल्या, त्याला इलाज नाही.

थोड्या वेळाने पहिली बाई आली. मला वाटलं, अभिनंदनाला. तिने पाठीवरची जळणाची मोळी अंगणात टाकली, डोक्याच्या रुमालाने कपाळ पुसलं आणि विचारलं, "कुठेय?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "हा काय, मी."

"तुम्ही नाही. बाळ."

तोवर पायवाटेवर रांग लागली होती. नदी ओलांडून, चढ चढून बायका येत होत्या. कुणाकडे मोळी, कुणाकडे तुंबाभर आंबील, बाळंतिणीला दूध यावं म्हणून. न्योकाबी सगळ्यांत पुढे. "पाच ऐकल्या," म्हणाली, "कामांदे आला म्हणायचा!" आणि तेवढ्यात गोठ्यातून मुकामी बाहेर आली. हातात दुधाची बादली. पोट जागच्या जागी.

सगळ्या जणी त्या पोटाकडे बघायला लागल्या. मग हळूहळू माझ्याकडे. मग भोंग्याकडे.

न्योकाबी म्हणाली, "गिचोहीच्या बाबा, तुम्ही यंत्राला बाळंत केलंत होय?"

बाळंतिणीसाठी आणलेलं कुणी परत नेत नाही. घरात आता तुंबेच तुंबे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी आंबील. दुपारी आंबील. संध्याकाळी न्जोकीने विचारलं, "काय वाढू?" आणि स्वतःच हसत सुटली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

डोकं चालवलं. भोंगा फिरवून उलट्या दिशेला केला. तिकडे नुसती चहाची झुडपं.

तिकडच्या झुडपांमागेही एक डोंगरधार आहे, तिथेही बायका राहतात, आणि त्यांना गेल्या शनिवारचं काही माहीत नव्हतं. सतरा तुंबे.

रेनी आता आम्हाला 'कान्येकीच्या माउल्या' म्हणतो! न्यावीराने हे सांगितलं तेव्हा न्योकाबी तिथेच होती. तिला शिंगं फुटली. "माझ्या नातवाची ललकारी आहे ती," म्हणाली. "तुम्ही मागे वाजवता तेही बरं वाटतं हं. रिकामं रिकामं वाटत नाही."

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण न्दिरांगू फिदीफिदी हसत होता. मी त्याला म्हटलं, "तुझंही नाव नाहीये त्यात." म्हणाला, "मला कुठे हवंय? मला नुसतं कडं वाजवायचंय." एकाच वर्षी सुंता झालेले सोबती आम्ही, आणि स्वभाव असे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज तिघीच आल्या. मोळी नाही, तुंबा नाही. "म्हटलं बघून जावं," म्हणाल्या. चहा पिऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी भोंगा उतरवायला बाहेर आलो तर मुकामी गोठ्याच्या भिंतीला टेकून रडत होती. सासऱ्याने सुनेला रडताना पाहू नये. मी खाकरलो. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, एक बोलू?"

"बोल."

"मागचं गेलं तेव्हा कुणी ललकारी दिली नाही. या वेळी तीनदा देऊन झाली, आणि हे अजून आलंही नाही. मला भीती वाटते. सगळ्या बायका येतात आणि पोटाकडे बघून परत जातात."

मी म्हटलं, "तो भोंगा चर्चचा आहे." काय बोललो! त्याचा काय संबंध!

रविवार, २३ फेब्रुवारी

भोंगा परत केला. चर्चमधल्यांनी विचारलं, कार्यक्रम बोधपर होता का. म्हटलं, हो, मला झाला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

रेनी येतोय! खुद्द! मोंबासाला सुट्टीवर येतोय आणि वाटेत आमच्याकडे एक दिवस. नवी कॅसेट भरणार. न्यावीराला फोन आला होता.

मी लगेच विचारलं, "नावं विचारेल ना?"

"विचारेल," ती म्हणाली. मग घसा साफ करून, "पण त्याला ललकाऱ्या हव्यात. ताज्या."

बुधवार, ५ मार्च

न्योकाबीकडे जाऊन आलो. ती कॉफीची बोंडं निवडत होती. मी सगळं समजावलं. परदेशचा माणूस, इतक्या लांबून येतोय, पाच ललकाऱ्या फक्त, जागच्या जागी बसून.

"कोण जन्मलंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही. असंच. रेडिओसाठी."

तिने बोंडांतून मान वर केली. "गिचोहीच्या बाबा, जेवण न करता कुणी ढेकर देतं का?"

मी म्हटलं, "माउली म्हणतो तो तुला."

"मग माउलीचं ऐका. कुणी जन्मलं की देईन. तुमच्या सुनेला घाई करायला सांगा."

घरी येऊन न्जोकीला विचारलं. तिने बटाटा-मक्याचा मुकिमो घोटायचा डाव पातेल्यावर आपटला. समजलो.

बुधवार, १२ मार्च

आला. नाकावर सालं निघालेली, टोपी न्यावीराची. ठेंगणा, हसरा. मी कोट घातला होता. न्दिरांगूनेही घातला होता, माझाच, जुना.

आल्या आल्या त्याने न्योकाबीचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काहीतरी बोलला. न्योकाबी न्यावीराला म्हणाली, "त्याला सांग, माझं लग्न झालंय."

मग आम्ही वाजवायला लागलो, आणि रेनी नाचायला लागला! दोन पावलं, वाकणं, गिरकी. बरोब्बर. आमचा अकॉर्डियनवरचा नाच, मोंबोको! मी अकॉर्डियन थांबवून विचारलं, हे कुठे शिकलास? म्हणाला, माझे आजोबा असंच नाचायचे, हा आमच्याकडचाच नाच. मी म्हटलं, तुझ्या आजोबांना कुणी शिकवला ते विचार. न्यावीराने ते भाषांतर केलं नाही, पण तो हसला, म्हणजे समजलं असावं. मग न्योकाबीला उठवून तिच्याबरोबर नाचला. ती मान ताठ ठेवून नाचली. गिरक्यांत त्याच्यापेक्षा सरस.

शेवटी त्याने टेप सुरू केला आणि बायकांकडे बघून, हात जोडून, मान वाकडी करून म्हणाला, "प्लीज?"

न्योकाबी म्हणाली, "नाही."

बाकीच्याही म्हणाल्या, "नाही." न्यावीराने कारण सांगितलं, जन्म झाल्याशिवाय नाही, तीनदा फसगत झालीये, घरात पोटुशी सून आहे. रेनी ऐकत गेला. त्याच्या कानाची पाळी लाल झाली. मग त्याने विचारलं — इतके दिवस मी जे लावत होतो, तो कुणाचा तरी जन्म होता?

न्योकाबीने शेडशेजारच्या घरातून नातवाला आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. सात महिन्यांचा धोंडा. त्याने लगेच रेनीची पँट ओली केली.

मग मी वाजवलं. मधला भाग, मोकळा. वर कुणी नाही. पहिल्यांदाच असा भरला गेला. संपल्यावर रेनीने टेप थांबवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, म्हणजे मागे वाजवणारा तो तूच. नाव काय तुझं?

"कामांदे वा गिचोही," मी सांगितलं, म्हणजे गिचोहीचा मुलगा कामांदे. त्याने तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरं जमलं.

शनिवारी, २२ तारखेला, नवी कॅसेट लावणार. नावासकट.

सोमवार, १७ मार्च

पाऊस धरलाय. रस्ता म्हणजे चिखल. थिकाला नोकरीवर असलेला गिचोही येत्या शनिवारी येणार होता, आता कसा येतो कुणास ठाऊक. न्जोकी मुकामीला बादली उचलू देत नाही, आणि मला सारखं सुनावते, "तुमच्या तोंडात रेडिओ आणि शनिवार याखेरीज काही आहे का?"

नाही.

शनिवार, २२ मार्च

दुपारपासून मुकामीला कळा. गिचोही पोचला नव्हता, दवाखान्यात न्यायचं तर गाडी वर चढेना, म्हणून म्हातारी वाकियुरू आली. या डोंगरधारेवरची निम्मी पोरं तिच्याच हातावर झालीत. मला घराबाहेर काढलं. मी गोठ्यापाशी स्टूल घेऊन बसलो. त्यावर रेडिओ, मी जमिनीवर. न्दिरांगू तार धरून उभा, छत्रीखाली.

सातला पाच मिनिटं कमी असताना खरखर सुरू झाली. तेवढ्यात न्जोकी दारात आली. घामाने निथळत होती.

"बंद करा ते."

"अगं, आज नाव आहे."

"आज मला ललकारी द्यायचीये. एक तर ही, नाही तर ती. लोकांना काय कळणार कुठली खरी?"

"नव्या कॅसेटमध्ये ललकाऱ्या नाहीतच, न्जोकी. फक्त मी आहे."

आतून मुकामी ओरडली. मी तसलं ओरडणं मागच्या वर्षी ऐकलं होतं.

बंद केला. माझ्याच हाताने बंद केला, दुसऱ्या कुणी नाही. न्दिरांगू म्हणाला, "अरे वेड्या, दोन मिनिटं!" मी म्हटलं, जा, तुला ऐकायचंय तर दुकानात जाऊन ऐक. तो छत्री घेऊन पळाला.

मग मी एकटाच. पाऊस. आत ओरडणं, मग गप्प. त्या गप्प असण्यात मी काय काय कबूल केलं, ते इथे लिहीत नाही.

मग लहानसं, चिडलेलं रडणं. आणि न्जोकीची आणि म्हातारीची ललकारी.

एक. दोन. तीन — इथे मी श्वास धरला. चार! पाच!

मी अंगणात उभा राहून पायवाटेकडे बघत राहिलो. आता येतील. नदीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "कामांदे, आवाज कमी कर जरा, आम्ही जेवतोय!"

मी ओरडलो, "खरं आहे! या वेळी खरं आहे!"

"हो हो! मागच्या वेळीही खरंच होतं!"

कुणी आलं नाही. एक बाई नाही, एक काटकी नाही. आतून वाकियुरू म्हणाली, पोरीच्या पोटात आंबील जायला हवी, आत्ता, आणि आम्हा दोघींना हलता येणार नाही. म्हणजे मीच. त्रेसष्ट वर्षांत मी चुलीपुढे बसलो ते फक्त सिगारेट पेटवून घ्यायला. पीठ आधी की पाणी आधी? न्जोकीला विचारायचं तर दाराआड जायचं नाही. मी दोन्ही एकदम घातलं. गुठळ्या झाल्या. हाताने फोडल्या. भाजलं. पुन्हा घातलं. जे झालं ते न्जोकीने दारातून घेतलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि आत नेलं. मुकामीने प्यायली. सगळी! आतून तिचा आवाज आला, "बाबा, छान झालीये." खोटं. पण ऐकलं मी.

मग नदी ओलांडून न्योकाबीकडे गेलो. चिखलात दोनदा बसलो. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "आज कुठल्या दिशेला लावलाय भोंगा?"

मला धाप लागलेली. मी नुसते हात पुढे केले. कोपरापर्यंत पीठ, वर भाजल्याचे लाल डाग. तिने कंदील जवळ आणून ते हात बघितले. माझ्याकडे बघितलं. कामांदे आणि चूल!

तिने खुंटीवरचा तुंबा काढला, सुनेला हाक मारली, अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि दरीकडे तोंड करून पाच ललकाऱ्या दिल्या. पहिली संपायच्या आत वरच्या घरातून उत्तर आलं, मग त्याच्याही वरून. सगळी डोंगरधार बोलायला लागली. मी त्या ललकाऱ्या इतक्या वेळा रेडिओवर ऐकल्या आणि शिव्या दिल्या. इतक्या जवळून कधी ऐकल्या नव्हत्या.

रडलो. पावसात कळलं नाही कुणाला.

परत आलो तर अंगणात मोळ्यांचा ढीग. न्जोकी दारात बाळाला घेऊन उभी, सगळ्या बायकांना सांगत होती, "हा बघा माझा नवा नवरा. पहिल्यापेक्षा कमी बोलतो."

रविवार, २३ मार्च

सकाळी न्दिरांगू पायवाटेवरूनच बोंबलत आला. काल रेनीने नाव घेतलं, दोनदा, अगदी स्वच्छ, कामांदे वा गिचोही, अख्ख्या दुकानाने ऐकलं!

म्हटलं, हळू बोल. कामांदे झोपलाय.